पिकअप गाडीच्या स्टिअरिंगचे झिजलेले सांधे : परीक्षा व घरच्या घरी बदल

जावळी तालुक्यात पिकणारे भात, नाचणी, आले, भाजीपाला व डोंगरमाथ्याकडील स्ट्रॉबेरी यांची वाहतूक आज बहुतांशी पिकअप गाडीवर अवलंबून आहे. मेढ्याहून साताऱ्यास, तेथून पुण्यास किंवा नवी मुंबईच्या बाजारात माल वेळेवर पोहोचला नाही, तर हंगामभर घेतलेल्या कष्टांचे मोल एका रात्रीत घटते. त्यामुळे गाडीचे इंजिन, टायर व ब्रेक यांकडे शेतकरी लक्ष देतो. परंतु गाडीला वळण देणारे जे सांधे पुढच्या चाकांमागे चिखलात दडलेले असतात, त्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. इंजिन बंद पडले तर गाडी जागीच उभी राहते. स्टिअरिंगचा सांधा निसटला तर मात्र गाडी चालतच राहते, आणि ती कोठे जाईल हे चालकाच्या हाती उरत नाही. केळघरचा घाट उतरत असता पाठीमागे भरलेला माल असेल, तर याचा अर्थ काय होतो हे सांगण्याची आवश्यकता नाही.

हे सांधे ओळखणे, तपासणे व त्यांतील काही घरच्या घरी बदलणे हे अवघड काम नाही. मात्र त्यास क्रम, स्वच्छता व संयम लागतो, आणि कोणत्या कामास आपण हात घालू नये याची जाणीव तर त्याहूनही अधिक लागते. या लेखात त्याची माहिती दिली आहे.

रचना व कार्य

बैलगाडीस वळण देण्याचे काम बैल करतात. आस थोडा झिजला, चाक थोडे डगमगले, तरी बैल वाट सोडीत नाहीत. मोटारगाडीत हा आधार नसतो. चालकाच्या हाताची हालचाल अनेक दुव्यांमधून चाकापर्यंत पोहोचते, आणि प्रत्येक दुव्यातील ढिलाई पुढच्या ढिलाईत मिळत जाते.

मुंबईत १९४७ साली जीप गाड्यांची जुळणी सुरू झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समाजविकास योजनेच्या काळात हे वाहन खेड्यापाड्यांस परिचित झाले. जीपप्रमाणे पुढील बाजूस अखंड आस व पाट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या पिकअप गाड्या आजही वापरात आहेत. त्यांतील रचना पुढीलप्रमाणे असते. स्टिअरिंगचे चक्र फिरविले की दांड्यामार्फत स्टिअरिंग बॉक्समधील दाते फिरतात. बॉक्सच्या बाहेर असलेला ड्रॉप आर्म पुढेमागे किंवा डावीउजवीकडे हलतो. त्यास जोडलेली ड्रॅगलिंक ही हालचाल एका चाकाच्या आर्मपर्यंत नेते. त्या चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत जाणारा लांब दांडा म्हणजे टायरॉड होय. यामुळे दोन्ही चाके एकत्र वळतात. वळणावर आतील चाकास बाहेरील चाकापेक्षा अधिक वळावे लागते. त्यासाठी चाकांचे आर्म तिरपे बसविण्याची युक्ती १८१८ साली लंडनमध्ये आकरमन याच्या नावे पेटंट झाली. घोडागाडीसाठी काढलेली ही युक्ती तत्त्वतः आजच्या गाडीतही वापरली जाते. काही गाड्यांत बॉक्सऐवजी रॅक असतो, तरी तेथेही टोकाचे सांधे याच प्रकारचे असतात.

ड्रॅगलिंक व टायरॉड यांच्या टोकांस बॉल जॉइंट असतो. पोलादी गोळा वाटीत बसविलेला असतो व त्याचा निमुळता खुंट आर्मच्या डोळ्यात घट्ट बसतो. खुंटावर खाचांचा नट आवळून त्यातून स्प्लिट पिन घातलेली असते. बैलगाडीच्या आसाला जशी खीळ, तशी या सांध्यास ही पिन. वाटीत ग्रीस असते व ते टिकविण्यासाठी वरून रबरी टोपी बसविलेली असते.

या सर्व भागांत स्वस्त असलेली ती रबरी टोपीच सांध्याचे आयुष्य ठरविते. टोपी फाटली की पावसाळ्यात चिखलाचे पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि तांबड्या मातीतील बारीक कण गोळा व वाटी यांस सहाणेप्रमाणे घासू लागतात. शेतरस्ते, ओढ्यातील उतार आणि चार महिन्यांचा संततधार पाऊस असलेल्या मेढा परिसरात हे इतरत्र होते त्याहून लवकर घडते.

झीज ओळखण्याच्या खुणा

पुढीलपैकी एक जरी खूण आढळली तरी तपासणी करावी.

(१) सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूस भरकटते व चक्र सतत सावरावे लागते.
(२) खड्ड्यातून जाताना पुढून 'टक्‌' असा आवाज येतो.
(३) विशिष्ट वेगास पुढची चाके व चक्र थरथरते.
(४) पुढील टायरची एकच कड झिजते, किंवा टायरवरून हात फिरविला असता एका दिशेने गुळगुळीत व उलट दिशेने करवतीसारखे लागते.
(५) वळण संपल्यावर चक्र आपोआप सरळ होत नाही.

या खुणा सांध्यांच्या झिजेच्याच असतील असे मात्र नाही. टायरमधील कमी हवा, चाकाचे ढिले बेअरिंग, झिजलेली किंगपिन, स्प्रिंगेचे सैल झालेले यू-बोल्ट किंवा खुद्द स्टिअरिंग बॉक्स यांमुळेही त्या दिसू शकतात. म्हणून भाग विकत आणण्यापूर्वी दोष कोठे आहे याचा निर्णय करणे अवश्य आहे.

तीन परीक्षा

पहिली परीक्षा, चक्राची मोकळी हालचाल : गाडी सपाट जागी सरळ उभी करावी. पॉवर स्टिअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवावे. चक्राच्या कडेस खडूने खूण करून ते हलक्या हाताने एका बाजूस, पुढचे चाक हलू लागेल न लागेल एवढेच फिरवावे, व तेथून तसेच दुसऱ्या बाजूस फिरवावे. या दोन जागांमधील कडेवरचे अंतर मोजावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ अन्वये ही मोकळी हालचाल ३० अंशांहून अधिक असता कामा नये. चक्राचा व्यास ४० सेंटीमीटर असेल तर ३० अंश म्हणजे कडेवर सुमारे १०.५ सेंटीमीटर होतात. ही कायद्याने आखलेली शेवटची मर्यादा आहे, सुस्थितीचे माप नव्हे. निकोप गाडीत हालचाल याहून पुष्कळच कमी असते. बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट व पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्यात, असेही हाच नियम सांगतो.

या सेंटीमीटरांचे महत्त्व एका साध्या हिशेबाने कळते. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर जाते. मोकळी हालचाल भरून काढण्यात अर्धा सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. एकपदरी रस्त्याची डांबरी रुंदी ३.७५ मीटर धरतात, हे लक्षात घेतले म्हणजे वळणावर काय होऊ शकते याची कल्पना येईल.

दुसरी परीक्षा, सांध्यावर हात ठेवून : इंजिन बंद करावे, हातब्रेक ओढावा, मागील चाकांस पुढून व मागून अटकाव लावावा. चाके जमिनीवरच असू द्यावीत. एकाने चक्र थोडे थोडे डावीउजवीकडे हलवावे व दुसऱ्याने बाजूने वाकून प्रत्येक सांध्यावर आळीपाळीने तळहात ठेवावा. निकोप सांध्यात खुंट व वाटी एकाच वेळी हलतात. झिजलेल्या सांध्यात खुंट आधी हलतो, वाटी मागाहून हलते व हातास ठोका जाणवतो. हलत्या भागांच्या फटीत बोटे घालू नयेत. बॉक्सचा ड्रॉप आर्म उशिरा हलत असेल, तर दोष सांध्यात नसून बॉक्समध्ये आहे असे समजावे.

तिसरी परीक्षा, चाक उचलून : पुढचे चाक जॅकने उचलून आस घोडीवर टेकवावा. चाक प्रथम वर व खाली धरून हलवावे. ढिलाई आढळल्यास साहाय्यकास ब्रेक दाबावयास सांगावे. ब्रेक दाबताच ढिलाई नाहीशी झाली तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. ती तशीच राहिली तर किंगपिन किंवा तिच्या जागचा बॉल जॉइंट झिजलेला आहे. नंतर चाक डावीउजवीकडे धरून हलवावे. ढिलाई केवळ याच दिशेस आढळली तर टायरॉडच्या टोकांवर संशय घ्यावा.

घरी करावयाची व न करावयाची कामे

१९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचा लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या घरी आला, तेव्हापासून पाना व नट त्यास परके राहिलेले नाहीत. टायरॉडची व ड्रॅगलिंकची टोके बदलणे हे त्याच्या आवाक्यातील काम आहे. याउलट किंगपिन व तिचे बुश बदलणे, स्टिअरिंग बॉक्स उघडणे, पॉवर स्टिअरिंगचा पंप किंवा नळ्या सोडणे ही कामे योग्य हत्यारे असलेल्या कार्यशाळेतच करून घ्यावीत.

काही गोष्टी तर कोणीही, कोठेही करू नयेत. वाकलेला आर्म किंवा टायरॉड तापवून सरळ करू नये. तुटलेल्या भागास वेल्डिंग करू नये. हे भाग घडाई करून व ठराविक उष्णतासंस्कार देऊन बनविलेले असतात. आगीने तो संस्कार नाहीसा होतो व भाग वरून चांगला दिसत असूनही आतून दुर्बळ होतो. झिजलेल्या वाटीत ट्यूबचे तुकडे भरणे किंवा वाटीची कड ठोकून गोळा घट्ट करणे हाही असाच घातक उपाय होय. त्याचप्रमाणे झीज टोकांत असताना बॉक्सवरील स्क्रू आवळून ढिलाई लपवू नये. तसे केल्यास दाते मधोमध अडकू लागतात, चक्र वळणानंतर परत येत नाही, आणि मूळ दोष जेथल्या तेथेच राहतो.

साहित्य

जॅक, दोन मजबूत लोखंडी घोड्या, चाकांचे अटकाव, व्हीलपाना, योग्य मापाचे पाने, टॉर्क पाना, पकड, दोन हातोडे, टायरॉडचा पुलर, तारेचा ब्रश, गंज सोडविणारे तेल, मोजपट्टी, ओळंबा, खडू, ग्रीसगन, नवी टोके, नवे नट व नव्या स्प्लिट पिना. भाग घेताना गाडीची नोंदपुस्तिका व जुने टोक दुकानी दाखवावे. बहुतेक टायरॉडच्या एका टोकास उजवे व दुसऱ्या टोकास डावे आटे असतात, म्हणून कोणते टोक हवे ते नीट सांगावे. पावती अवश्य घ्यावी.

टोक बदलण्याची कृती

(१) आदल्या दिवशी सांधे धुऊन ब्रशने घासावेत व आट्यांवर गंज सोडविणारे तेल सोडावे. घाई करून आटे मोडण्यापेक्षा एक रात्र थांबणे स्वस्त पडते.

(२) गाडी रिकामी करून सपाट व टणक जागी उभी करावी. शेतातील मऊ जमीन किंवा उताराचे अंगण चालणार नाही. पहिला गिअर टाकावा, हातब्रेक ओढावा, मागील चाकांस अटकाव लावावा. चाके जमिनीवर असतानाच त्यांचे नट किंचित सैल करावेत. मग पुढचा भाग उचलून आसाखाली दोन्ही बाजूंस घोड्या लावाव्यात. ज्या गाडीस अखंड आस नाही तिच्या घोड्या निर्मात्याच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच लावाव्यात. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. दगड, विटा किंवा ओंडके यांचा आधार घेऊ नये. वीट भाराखाली अकस्मात फुटते.

(३) चाक काढावे. जुन्या टोकाच्या गोळ्याच्या मध्यापासून टायरॉडवरील एका ठळक खुणेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे.

(४) टोक अद्याप आर्ममध्ये अडकलेले असतानाच टायरॉडवरील क्लँप किंवा लॉकनट सैल करावा. टोक सुटल्यावर दांडा फिरू लागतो व हे काम कठीण होते.

(५) स्प्लिट पिन काढावी. खाचांचा नट सैल करून खुंटाच्या टोकाशी काही आट्यांवर तसाच ठेवावा, म्हणजे खुंट एकदम सुटून अंगावर येत नाही.

(६) पुलर लावून खुंट सोडवावा. पुलर नसल्यास आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूस एक हातोडा टेकवून धरावा व समोरच्या बाजूने दुसऱ्याने ठोका द्यावा. डोळा क्षणभर दबतो व निमुळता खुंट सुटतो. खुंटाच्या तोंडावर ठोकू नये. सोडविण्यासाठी आग लावू नये.

(७) जुने टोक फिरवून काढताना पूर्ण फेरे मोजावेत व आकडा खडूने लिहून ठेवावा.

(८) नवे टोक जुन्याशेजारी ठेवून पाहावे. लांबी सारखी असल्यास आट्यांस थोडे ग्रीस लावून तितकेच फेरे द्यावेत. लांबी निराळी असल्यास फेऱ्यांवर विसंबू नये, लिहून ठेवलेले अंतर साधावे.

(९) आर्मचा डोळा व खुंट कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसावेत. निमुळत्या भागास ग्रीस किंवा तेल लावू नये. तेथील पकड कोरड्या धातूवरच अवलंबून असते.

(१०) नट पुस्तिकेतील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावा. खुंटाचे छिद्र व नटाची खाच जुळत नसल्यास नट किंचित आणखी आवळून जुळवावी, सैल करून कधीही जुळवू नये. नवी स्प्लिट पिन घालून तिचे दोन्ही पाय वाकवावेत. पिनेऐवजी खिळा किंवा तार घालू नये.

(११) टोकांतील गोळे दोन्ही बाजूंस मोकळे हलतील अशा स्थितीत दांडा ठेवून क्लँप किंवा लॉकनट आवळावा. ग्रीसचे निपल असल्यास रबरी टोपी किंचित फुगेपर्यंतच ग्रीस भरावे. अधिक दाबाने टोपी फाटते व नव्या सांध्याची झीज पहिल्याच दिवसापासून सुरू होते.

(१२) चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कोणताही भाग टायरला किंवा ब्रेकच्या नळीला लागत नाही याची खात्री करावी.

चाकांचा मेळ

पुढील दोन्ही टायरांच्या पुढच्या कडांमधील अंतर व मागच्या कडांमधील अंतर यांत ठराविक फरक असावा लागतो. त्याचे माप पुस्तिकेत दिलेले असते. टायरॉडची लांबी बदलली की हा मेळ बिघडतो. ड्रॅगलिंकची लांबी बदलल्यास मात्र मेळ बिघडत नाही, फक्त गाडी सरळ चालत असता चक्र वाकडे दिसते.

फरक किती होतो ते उदाहरणाने पाहू. समजा, आट्यांचा एक फेरा दीड मिलिमीटरचा, आर्मची लांबी १५ सेंटीमीटर व टायरचा व्यास ६६ सेंटीमीटर आहे. टोक बसविताना एका फेऱ्याची चूक झाली, तर टायरच्या पुढच्या व मागच्या अंतरांत सुमारे साडेसहा मिलिमीटरांचा फरक पडतो. हे व्यासाच्या १ टक्का झाले. म्हणजे गाडी १०० किलोमीटर चालली असता दोन्ही टायर मिळून सुमारे १ किलोमीटर आडवे फरफटतात. फेरे मोजण्याचा कंटाळा केल्यास त्याची किंमत टायरांच्या रूपाने द्यावी लागते, ती अशी.

मेळ तपासण्यासाठी घोड्या काढून गाडी जमिनीवर घ्यावी व चाकांचे नट पूर्ण आवळावेत. गाडी थोडी पुढे ढकलून चाके सरळ करावीत. दोन्ही टायरांच्या मागील बाजूस, आसाच्या उंचीवर, नक्षीच्या मध्यावर खडूने खूण करावी. ओळंब्याने त्या खुणा जमिनीवर उतरवून अंतर मोजावे. गाडी पुढे ढकलून चाके अर्धा फेरा फिरवावीत, म्हणजे त्याच खुणा पुढील बाजूस येतील. पुन्हा तसेच मोजावे. आलेला फरक पुस्तिकेतील मापाशी जुळवावा. ही रीत गाडी साताऱ्यापर्यंत सावकाश नेण्यापुरतीच समजावी. तेथे यंत्रावर मेळ तपासून घ्यावा.

प्रथम रिकामी गाडी सपाट रस्त्यावर हळू चालवून पाहावी. सुमारे १०० किलोमीटरनंतर नट, पिन व क्लँप पुन्हा पाहावेत. तोपर्यंत घाटात भरलेली गाडी नेऊ नये.

निगा

सांध्यांची तपासणी वर्षातून दोनदा ठरवून करावी. पहिली मृग निघण्यापूर्वी करावी, म्हणजे फाटलेली टोपी पावसाच्या आधी बदलता येते. दुसरी दसऱ्यास करावी. खंडेनवमीस हत्यारे व दसऱ्यास गाडी पुजण्याची आपली रीत आहे. गाडी धुऊन हार घालण्यापूर्वी एकदा तिच्या पुढच्या चाकांमागे नजर टाकली, तर ती पूजा अधिक सार्थ होईल. निपल असलेल्या सांध्यांस पुस्तिकेतील मुदतीने ग्रीस द्यावे. पाण्यातून वारंवार ये-जा होत असल्यास ते अधिक लवकर द्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

घोड्या, पुलर, टॉर्क पाना व ग्रीसगन ही हत्यारे प्रत्येक घरी असणे शक्य नाही व आवश्यकही नाही. शेतकरी गटाने किंवा विकास सेवा सोसायटीने असा एक संच घेऊन ठेवल्यास अनेक गाड्यांची सोय होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशक किंवा अनुभवी यांत्रिक यांच्या साहाय्याने मे महिन्यात गावी एक प्रात्यक्षिक घ्यावे. त्यात टोक बदलणे दाखविण्यापेक्षा तीन परीक्षा प्रत्येकाकडून करवून घेण्यावर भर द्यावा, कारण दोष ओळखता आला की दुरुस्तीचा अर्धा मार्ग संपतो. तपासलेल्या गाड्यांची नोंद वहीत ठेवून दसऱ्याच्या सुमारास पुन्हा विचारणा करावी.

आणखी एक गोष्ट याच प्रसंगी गावकऱ्यांस समजावून सांगावी. लावणीच्या किंवा तोडणीच्या दिवसांत मजूर स्त्री-पुरुषांस मालवाहू गाडीत बसवून नेले जाते. हे कायद्यास धरून नाही. आंब्याची पेटी रस्त्यावर पडली तर तिची भरपाई होते, माणसाची होत नाही. सांधे कितीही चांगले असले तरी मालाची गाडी मालासाठीच वापरावी.

सारांश, टोपी फाटली की ती बदलावी, ढिलाई जाणवली की दोष शोधावा, आवाक्यातील काम क्रमाने व स्वच्छतेने करावे, आवाक्याबाहेरचे काम जाणकाराकडे न्यावे, आणि निघालेली जुनी पिन पुन्हा कधीही वापरू नये. इतके पथ्य पाळल्यास पिकअप गाडी शेतकऱ्यास घाट चढताना जितका भरवसा देते तितकाच उतरतानाही देईल.